जागा देणारं गाव

रहिमतपूर मागे पडलं की एसटीच्या खिडकीतला मुलूख पालटतो. कृष्णेच्या बाजूची उसाची दाटी विरळ होते, माळ लागतात, खटाव तालुक्याचं कोरडं वारं तोंडावर येतं. दूरच्या एका डोंगराच्या माथ्यावर तटबंदी दिसायला लागली तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढून हात जोडले.

"आलं औंध. त्ये मूळपीठ," ते म्हणाले. "पावणं कुणीकडचं?"

"पुण्याचा."

"पयल्यांदाच का?"

"पहिल्यांदाच."

"मग आधी देवीला जावा. म्युझियम काय कुठं पळून जात न्हाई."

पुण्यात औंध म्हटलं की लोकांना तिथलं उपनगर आठवतं. मला मात्र हे साताऱ्याकडचं औंध लहानपणापासून पुस्तकांतून भेटत आलं होतं. 'श्यामची आई' वाचली तेव्हा कळलं, की कोकणातला गरीब मुलगा शिकायला औंधला गेला होता. 'बनगरवाडी'तल्या तरुण मास्तराला नोकरी मिळते ती औंध संस्थानाच्या शाळेवर, आणि धनगरांनी बांधलेल्या तालमीच्या उद्घाटनाला त्या आडरानातल्या वाडीवर येतो तो औंधचाच राजा. किर्लोस्करांचा कारखाना कुठे उभा राहिला, म्हणून शोधायला जावं तर पुन्हा औंध. इतक्या वेगवेगळ्या वाटा एका खेडेवजा गावाशी येऊन का मिळतात, हे तिथे जाऊनच बघायचं होतं. मुद्दाम अश्विनात गेलो. वद्य पंचमीला तिथे रात्रभर गाणं असतं, एवढं ठाऊक होतं.

गृहस्थांचं ऐकून आधी डोंगर चढलो. वर जायला रस्ता आहे, पण पायऱ्यांनी गेलं की गाव हळूहळू उलगडतं. खाली कौलांची आणि पत्र्यांची घरं, वाड्याची लांबरुंद आखणी, गावातल्या यमाईच्या देवळाची उंच दीपमाळ, आणि त्यापलीकडे क्षितिजापर्यंत शेतं नि माळ. माथ्यावरच्या देवळाला किल्ल्यासारखा तट आहे. आत काळ्या पाषाणाची, बसलेली, भव्य मूर्ती. गाभाऱ्यातल्या अंधाराला डोळे सरावले की तिचा चेहरा दिसतो आणि माणूस आपोआप गप्प होतो. जोतिबानं तिला "ये माई" अशी हाक मारली म्हणून ती यमाई झाली, तिनं औंधासुराला मारलं म्हणून गाव औंध झालं, अशी इथली कथा आहे. कोल्हापूरच्या जोतिबाच्या डोंगरावरही यमाईचं देऊळ आहे. किती मराठी घरांची ही कुलदेवी! माझ्यापुढे दर्शनाला उभं असलेलं जोडपं नवं लग्न झालेलं होतं. मुलीच्या हातातला हिरवा चुडा अजून कोरा वाजत होता.

पंतप्रतिनिधींच्या घराण्याचीही कुलदेवी हीच. मूळ पुरुष परशुराम त्रिंबक, किन्हईच्या कुलकर्णी घराण्यातले. मोगलांशी झुंज चालू असताना राजाराम महाराज आणि ताराबाईंच्या काळात ते पुढे आले आणि प्रतिनिधी झाले. छत्रपतींच्या वतीनं बोलणारा, म्हणून प्रतिनिधी; पद मोठ्या मानाचं. पण पेशवाई वाढली तसं ते झाकोळत गेलं. इंग्रजी अमलात औंध हे एक छोटं संस्थान उरलं : बहात्तर गावं, सुमारे पाचशे चौरस मैल मुलूख, तोही सलग नव्हे. औंध इकडे, आटपाडी तिकडे, कुंडल कृष्णेच्या खोऱ्यात, आणि गुणदाळ थेट विजापूरकडे. लोकसंख्या १९३१च्या सुमारास पाऊण लाखाच्या आसपास. आजच्या एखाद्या मध्यम शहराइतकीसुद्धा नाही.

या तुकड्यातुकड्यांच्या संस्थानाच्या गादीवर ४ नोव्हेंबर १९०९ रोजी भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले. वय एकेचाळीस, डेक्कन कॉलेजचे पदवीधर. चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, रोज पहाटे सूर्यनमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळाशाळांतून मुलांकडून घालून घ्यायचे. आज जगभर सूर्यनमस्कार घातले जातात, त्यांच्या प्रसारामागे या राजाचा फार मोठा वाटा आहे. त्यांचं त्यावरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये निघालं. १९३५ साली इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तिच्या मुळाशी त्यांनी देऊ केलेले एक लाख रुपये आहेत. एवढ्या लहान संस्थानाच्या राजानं एक लाखाचा शब्द दिला, हे त्या काळच्या पैशात मोजून बघावं.

पण माझ्या मनात घर केलं ते त्यांच्या वेगळ्याच एका गुणानं. बाहेर ज्याला थारा मिळत नव्हता, त्याला औंधात जागा मिळायची.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं घ्या. बेळगावात त्यांचा लोखंडी नांगरांचा कारखाना होता. तिथली जागा सोडण्याची वेळ आली आणि जायचं कुठे हा प्रश्न उभा राहिला. औंधच्या देवळाच्या मंडपाच्या कामामुळे बाळासाहेबांची नि त्यांची ओळख होती. राजेसाहेबांनी कुंडलजवळचा माळ दाखवला. निवडुंगानं भरलेला, सापांचा, बत्तीस एकरांचा ओसाड माळ. वर दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. गादीवर येऊन चार महिने झाले होते त्यांना. १० मार्च १९१० ही किर्लोस्करवाडीची जन्मतारीख. पुढे तिथून नांगर निघाले, पंप निघाले, आणि १९२० पासून 'किर्लोस्कर खबर' हे मासिकही निघालं, ज्यानं मराठी मध्यमवर्गाला वाचायला आणि विचार करायला शिकवलं.

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर मूळचे सावंतवाडीकडचे, पेशानं चित्रकार. हैदराबादेत राष्ट्रीय चळवळीपायी राहणं अवघड झालं, वैदिक प्रार्थनांवरच्या एका लेखामुळे इंग्रज सरकारचा रोष ओढवला. १९१८ साली ते औंधला आले आणि तीस वर्षं राहिले. स्वाध्याय मंडळ इथे उभं राहिलं. चार वेदांच्या शुद्ध संहिता या गावातून छापून निघाल्या, आणि भारतभर हजारो माणसांनी घरबसल्या संस्कृत शिकायला घेतलं ते याच गावातून गेलेल्या 'संस्कृत स्वयंशिक्षक'च्या भरवशावर. वेदांच्या पोथ्यांची पार्सलं औंधच्या पोस्टातून देशभर रवाना होत असतील, ते दृश्य डोळ्यांपुढे आणायचा मी प्रयत्न केला. बैलगाडीनं रहिमतपूर स्टेशन, आणि तिथून लाहोर, काशी, मद्रास.

साने गुरुजी इथे आले तेव्हा ते कुणी गुरुजी नव्हते. औंधात गरीब मुलांच्या शिक्षणाची सोय होते, एवढ्या ऐकीव बातमीवर कोकणातून आलेला पोर होता तो. प्लेगनं त्याला गाव सोडावं लागलं. पण गरिबाला शिकायला तिथे जाता येतं, ही बातमी कोकणातल्या खेड्यापर्यंत पोचली होती, हेच मला मोठं वाटतं. गदिमा याच गावच्या शाळेत शिकले. माडगूळ औंध संस्थानातलंच.

वाड्याजवळून जाताना एका दुकानापुढच्या बाकावर टेकलो. चहा आणून देणाऱ्या मावशींना विचारलं, राजाच्या आठवणी कुणाच्या आहेत का गावात. त्या म्हणाल्या, "आता बघितलेलं कोन ऱ्हायलं? आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, म्हाराज रस्त्यानं चालले तर पोरांना थांबवून इचारायचे, नमस्कार घातले का आज? घातले न्हाईत म्हणायची कुनाची छाती न्हवती." आणि हसून पुढे म्हणाल्या, "आमच्यात अजून घालत्यात पोरं. मोबाइल घ्यायचा तर आधी बारा नमस्कार, असं ठरवलंय मी."

दुपारी संग्रहालय. श्रीभवानी संग्रहालय डोंगराच्या मध्यावर आहे, १९३८ साली उघडलेलं. बांधकामात भपका नाही. भिंतींच्या वरच्या अंगानं येणारा उजेड चित्रांवर अलगद उतरावा अशी रचना आहे. विजेवर न विसंबता चित्र कसं दाखवायचं, याचा विचार करणारा माणूस स्वतः चित्रकार असणार, हे लगेच कळतं. आत रविवर्म्याची चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, बाळासाहेबांनी स्वतः काढलेली आहेत. पहाडी लघुचित्रं आहेत, हस्तिदंती कोरीव काम आहे, युरोपातल्या गाजलेल्या कलाकृतींच्या प्रतिकृती आहेत. एका दालनात अजिंठ्याच्या चित्रांसमोर मी बराच वेळ उभा होतो. बाळासाहेबांनी चित्रकार नेऊन लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करवून घेतल्या होत्या आणि १९३२ साली अजिंठ्यावर पुस्तकही प्रसिद्ध केलं होतं.

आणि मग हेन्री मूर. विसाव्या शतकातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या शिल्पकारांपैकी एक. त्याचं 'मदर अँड चाइल्ड' हे दगडी शिल्प खटाव तालुक्यातल्या या गावात आहे. आई आणि मूल, फार तपशील नाही, नुसते उंचवटे आणि गोलाई. शाळेची सहल आली होती. पाचवी-सहावीतल्या मुली रांगेनं पुढे सरकत होत्या. त्यांतली एक थांबली, शिल्पाकडे टक लावून बघत राहिली आणि मैत्रिणीला म्हणाली, "बघ गं, तिनं कसं धरलंय त्याला." मागून बाईंची हाक आली, रांग पुढे गेली. मोठ्या शहरांतल्या नामवंत दालनांत मी कलेवरची पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. त्या मुलीइतकं नेमकं बोललेलं आठवत नाही. चित्रं-शिल्पं ही शहरातल्या श्रीमंतांची चीज नाही, ती डोंगरावर देवीला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या वाटेत असली पाहिजेत, असं बाळासाहेबांना वाटलं असणार. त्याशिवाय माणूस मूळपीठाच्या वाटेवर संग्रहालय बांधत नाही.

या गावाची सर्वांत मोठी गोष्ट मात्र कुठल्याच दालनात मांडता येण्यासारखी नाही. ती कागदावर लिहिलेली होती आणि माणसांत घडली होती.

१९३८च्या अखेरीस बाळासाहेबांनी जाहीर केलं, की राज्याची सत्ता मी रयतेच्या हाती देतो. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत तेव्हा विलायतेहून शिकून, बॅरिस्टर होऊन परतलेले होते. सोबत होते मॉरिस फ्रीडमन, पोलंडचे ज्यू इंजिनिअर, बंगळुरात कारखान्याची मोठी नोकरी सोडून भगवी वस्त्रं घेतलेले. लोक त्यांना स्वामी भारतानंद म्हणत. (हेच फ्रीडमन पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या पायाशी बसले आणि महाराजांची मराठी संभाषणं त्यांनी इंग्रजीत नेली.) अप्पासाहेब आणि फ्रीडमन सेवाग्रामला गेले. संस्थानाच्या घटनेचा आराखडा गांधीजींच्या हातून तयार झाला. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधचा स्वराज्य कायदा अमलात आला. भारताला स्वातंत्र्य मिळायला अजून आठ वर्षं होती आणि देशातले बहुतेक राजे तोफांच्या सलामीचा हिशोब करण्यात गुंतले होते.

पाया गावचा. गावानं पाच पंच निवडायचे, पंचांच्या वर तालुक्याची समिती, तिच्या वर संस्थानाची प्रतिनिधी सभा. तंटे शक्यतो गावातच, पंचांपुढे मिटवायचे. बाया-पुरुष दोघांनाही मत, मात्र लिहिता-वाचता आलं पाहिजे ही अट. ही अट गांधीजींची. आज ती वाचून पहिल्यांदा मन खट्टू होतं. अडाणी ठेवलं गेलेल्या माणसाचाच हक्क का अडवावा? माझं मत अजूनही त्या अटीच्या विरुद्ध आहे. पण तिचा दुसरा परिणामही मान्य करावा लागतो. मत हवं असेल तर अक्षर शिका, आणि शिकवणं हे राज्याचं काम, असा तो सौदा होता. दुष्काळी माणदेशातल्या वाड्यावस्त्यांवर एकशिक्षकी शाळा उघडण्याला त्या काळात जो जोर होता, त्याचं जिवंत चित्र 'बनगरवाडी'त आहे. मास्तरांच्या त्या एकट्या खोलीकडे आता मी वेगळ्या नजरेनं बघतो. तिच्या मागे एक राज्य उभं होतं.

सत्ता सोडली म्हणजे कागदावर सोडली असं झालं नाही, याची साक्ष कुंडलची. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार साताऱ्याच्या मुलखात उभं राहिलं तेव्हा कुंडल त्याचं मुख्य ठाणं बनलं. ब्रिटिश हद्दीतून पळालेल्या भूमिगतांना संस्थानाच्या हद्दीत श्वास घ्यायला मिळायचा. इंग्रजांच्या मर्जीवर टिकलेल्या राजानं हे चालू दिलं, यात काय धोका होता ते सांगायला नको.

याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. फ्रीडमन यांच्या पुढाकारानं तिथे कैद्यांना भिंतीबाहेर काढून माळावर शेतीला लावलं गेलं. बेड्या नाहीत, तट नाही. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसं विहिरी खणू लागली, पिकं काढू लागली. या मुलखात वाढलेल्या गदिमांना तो प्रयोग ठाऊक होता. त्यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला आणि पुढच्या वर्षी बर्लिनला त्याचा गौरव झाला. चित्रपट सगळ्यांनी पाहिला. तो माळ औंधच्या राज्यातला, हे फार थोड्यांना माहीत आहे.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. ते व्हायलाच हवं होतं. बहात्तर गावांची वेगळी चूल स्वतंत्र देशात चालली नसती. पण विलीनीकरणात राजाबरोबर पंचायतींची ती रचनाही गेली, आणि गावाला पुन्हा पंचायत राज्य मिळायला दीड दशक जावं लागलं. त्याआधीचे काही आठवडे तर फार वाईट गेले. गांधीहत्येनंतर या भागात जाळपोळ झाली. गांधींनी ज्या राज्याची घटना लिहिली, त्याच राज्याच्या माळावर वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लागली. सातवळेकर त्याच वर्षी स्वाध्याय मंडळ घेऊन गुजरातेत पारडीला गेले. तीस वर्षांचं छापखान्याचं बिऱ्हाड हललं. जागा देणाऱ्या गावातून माणसं जागा सोडून गेली, हे लिहिताना आजही हात जड होतो. बाळासाहेब १३ एप्रिल १९५१ रोजी गेले.

पण गावात काहीच उरलं नाही, असं म्हणायला मी तयार नाही. त्या रात्री मंडपात बसलो तेव्हा ती खात्री झाली. अंतूबुवा जोशी, म्हणजे पंडित अनंत मनोहर जोशी, किन्हईचे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य, औंधचे दरबारी गायक. त्यांचे गुरू शिवानंद स्वामी. गुरूंच्या स्मरणार्थ अंतूबुवांनी १९४० साली अश्विन वद्य पंचमीला गाणं सुरू केलं. पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी ते चालवलं, मग शिष्यांनी. संस्थान गेलं, राजा गेला, दरबार गेला. गाणं थांबलेलं नाही.

तिकीट नाही. सतरंजीवर जागा मिळेल तिथे बसायचं. माझ्या एका बाजूला मुंबईहून आलेले जाणकार, वही उघडून बंदिशी टिपणारे. दुसऱ्या बाजूला गावातले एक शेतकरी, पायाशी काठी, अंगावर घोंगडी. मध्यरात्रीनंतर थंडी वाढली. मी कुडकुडतोय हे बघून त्यांनी न बोलता घोंगडीचा अर्धा पदर माझ्या अंगावर टाकला. एका समेवर त्यांची मान बरोबर हलली, आणि माझी जरा मागून. मी विचारलं, "काका, गाणं शिकलात का कधी?"

"शिकायला कुठं सवड. बारक्या वयापास्नं वडलांबरं येतोय. दर साली ऐकतोय," ते म्हणाले. "कळतंय म्हणा, न्हाई म्हणा, बसाय बरं वाटतंय."

पहाटेची भैरवी झाली. लोक सतरंज्या गुंडाळायला लागले, पोरांनी कप गोळा केले. काका उठताना म्हणाले, "पौषात या आता. यात्रा बघाया. रथ निघतो, जनावरांचा बाजार भरतो. खिल्लार बैल बघायचं तर तवाच. घरी उतरा, लांब न्हाई आमचं." ओळख एका रात्रीची, तीही अर्ध्या घोंगडीची.

उजाडल्यावर स्टँडवर आलो. डोंगरावर तटबंदी सोनेरी झाली होती. साताऱ्याच्या गाडीला वेळ होता, आणि शेजारच्या फलाटावर माणदेशाकडे जाणारी गाडी लागली होती. मी पुण्याचं तिकीट दुसऱ्या दिवसावर टाकलं आणि तिच्यात बसलो.

वाचकांना एवढंच सांगणं आहे : औंधला जाल तर अर्ध्या दिवसाच्या हिशोबानं जाऊ नका. देवी करा, संग्रहालय बघा, मुलांना बरोबर न्या, आणि एक दिवस जादा ठेवून आटपाडीपर्यंत जा. स्वतंत्रपूरची वसाहत आजही चालू आहे. कैदी तिथे तटाविना राहतात, शेती करतात आणि त्यांची बायकामुलं त्यांच्याबरोबर राहतात.